तेवीसचा आकडा

२०२४ च्या गणेशोत्सवात, एका शाळेच्या भाड्याने घेतलेल्या उपाहारगृहात, कागदी ताटलीतला मसालेभात एका हाताने सावरत मी हार्टफर्डला नुकत्याच आलेल्या एका तरुणाला यूकॉनच्या, म्हणजे कनेटिकट विद्यापीठाच्या, बास्केटबॉल संघाविषयी सांगत होतो. एका विमा कंपनीच्या संगणक विभागात त्याला लागून दोनच महिने झाले होते आणि कार्यालयात ज्याच्या-त्याच्या टेबलावर दिसणाऱ्या निळ्या टोप्यांचे आणि त्यांच्यावरच्या कुत्र्याच्या तोंडाचे प्रकरण काय आहे, हे त्याला समजून घ्यायचे होते. मी रंगात आलो. इलिनॉयविरुद्ध यूकॉनने सलग तीस गुण कसे केले, त्या सगळ्या वेळात समोरच्यांना एकही गुण कसा मिळाला नाही, यूकॉनचा सात फूट दोन इंच उंचीचा क्लिंगन बास्केटखाली नुसता उभा राहिला तरी चेंडू टाकणाऱ्यांचे हात कसे कापत होते, हे सारे मी साभिनय सांगितले. ‘काका, ते बघताना कसं वाटत होतं?’ त्याने विचारले. ‘अंगावर काटा आला होता,’ मी म्हणालो. शेजारी जिलेबी खात उभ्या असलेल्या माझ्या मुलीने मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिले आणि पुन्हा जिलेबीकडे लक्ष वळवले.

त्या तीस गुणांच्या वेळी मी स्वयंपाकघरात भांडी घासत होतो.

झाले असे होते की, ३० मार्चच्या त्या संध्याकाळी बोस्टनमधल्या सामन्याचे मध्यंतर झाले आणि त्याच क्षणी आईचा फोन आला. गुणफलकावर २८-२३ होते. पुण्यात तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले होते. आईचा दिवस त्या सुमारास सुरू होतो हे ठाऊक असूनही, अशा वेळी तिचे नाव फोनवर दिसले की छातीत धस्स होतेच. कारण मात्र साधे होते. इमारतीची टाकी धुणार म्हणून पाणी लवकर भरून ठेवायचे होते, त्यामुळे तिची झोप मोडली होती, आणि उन्हाळ्यात इकडे येणाऱ्या कोणाबरोबर मेतकूट पाठवू का, हे तिला विचारायचे होते. मी फोन कानाला लावून आत गेलो, टीव्हीचा आवाज येऊ नये म्हणून दार लोटले आणि बोलता बोलता सिंकमधली भांडी घासायला घेतली. अर्धा-पाऊण तास गेला. हात पुसत बाहेर आलो, तर पडद्यावर ५३-२३ असे आकडे होते. ५३ पाहून मला तितकेसे आश्चर्य वाटले नाही. तेवीस मात्र डोळ्यांना खुपले. मी उठलो तेव्हाही तेवीस आणि आता परत आलो तरीही तेवीसच, म्हणजे टीव्हीवाल्यांच्या यंत्रात काही बिघाड झाला असावा, असे मला अगदी मनापासून वाटले. ‘बाबा, तीस-शून्य,’ मुलगी सोफ्यावरून म्हणाली. तिचा आवाज मोठ्या माणसाने वाईट बातमी सांगावी तसा दबका होता.

यूकॉनचा २०२४ चा पुरुषांचा संघ आधीच्या विजेत्या संघांच्या तुलनेत कुठे बसतो, हा वाद आमच्या भागात अजून चालू असतो. कनेटिकटला एनबीएचा, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉलचा, संघ नाही, हॉकीचा एक व्यावसायिक संघ होता तो १९९७ मध्ये राज्य सोडून गेला, आणि त्यामुळे गायीगुरांच्या कुरणांमध्ये वसलेल्या स्टॉर्स नावाच्या खेड्यातले हे विद्यापीठच साऱ्या राज्याचा अभिमान वाहते. आकड्यांपुरता वाद मिटलेला आहे. सदतीस विजय आणि तीन पराभव. मार्चमधल्या, विद्यापीठांचा राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या स्पर्धेतले सहाही सामने दहापेक्षा अधिक गुणांनी जिंकलेले, त्या सहा सामन्यांतल्या आघाड्यांची बेरीज १४०, जी आजवर कोणालाही साधली नव्हती. आदल्या वर्षीच्या संघानेही सहाच्या सहा सामने असेच दोन आकडी फरकाने जिंकले होते. लागोपाठ दोन वर्षे विजेतेपद मिळवणारा त्याआधीचा संघ २००६ आणि २००७ चा फ्लोरिडाचा, आणि त्याच्याही आधीचा १९९१ आणि १९९२ चा ड्यूकचा. २०२४ च्या अंतिम सामन्यात पर्ड्यूच्या सात फूट चार इंच उंच एडीने एकट्याने ३७ गुण केले आणि तरीही यूकॉन ७५-६० असे आरामात जिंकले, कारण प्रशिक्षक हर्ली यांनी एडीला हवे तेवढे गुण करू दिले आणि बाकीच्या साऱ्यांना मिळून तेवीसवर रोखले. पुन्हा तेवीसच. देशातल्या उत्तम नेमबाजांमध्ये गणल्या जाणाऱ्या पर्ड्यूला त्या रात्री अवघा एक थ्री-पॉइंटर, म्हणजे दुरून टाकलेला तीन गुणांचा चेंडू, साधला. यूकॉनच्या न्यूटन, स्पेन्सर, कॅसल आणि कॅराबन यांच्या हातांमधून चेंडू असा फिरे की तो जमिनीला क्वचितच लागे. चेंडूच्या ठपठपीपेक्षा लाकडी जमिनीवर बुटांचे कचकच आवाजच जास्त ऐकू येत.

आमच्या शेजारच्या निवृत्त गृहस्थांना हे सगळे मान्य आहे आणि तरीही ते मान हलवतात. त्यांच्या लेखी संघ एकच, १९९९ चा. तेलावर चालणाऱ्या हीटिंगच्या भट्ट्या दुरुस्त करण्यात त्यांचे आयुष्य गेले. हातांच्या रेषांमध्ये काजळी अजूनही आहे, असे मला उगाच वाटते. १९९० मध्ये ड्यूकच्या लेटनरने जादा वेळेतल्या शेवटच्या क्षणी चेंडू टाकून यूकॉनला ७९-७८ असे स्पर्धेबाहेर काढले, तिथून त्यांची कथा सुरू होते. मग नऊ वर्षांनी तोच ड्यूक अंतिम सामन्यात समोर येतो. सदतीस विजय आणि एक पराभव अशी त्याची नोंद. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या खेळाडू-निवडीत, पहिल्या चौदांत त्याचे चार खेळाडू निवडले गेले. यूकॉनने त्यापूर्वी फायनल फोर, म्हणजे शेवटच्या चार संघांची फेरी, पाहिलेच नव्हते. यूकॉन ७५-७४ असे पुढे. चेंडू ड्यूकच्या लँगडनकडे. समोर यूकॉनचा रिकी मूर. इथे ते खुर्चीतून थोडे उठतात, गुडघे वाकवतात आणि चेंडू जमिनीवर न आपटता लँगडनचे पाऊल नियमाबाहेर कसे सरकले, ते आपल्या घरगुती सपातांनी दाखवतात. पंचांची शिट्टी, यूकॉनच्या एल-अमीनचे दोन फ्री थ्रो, ७७-७४. हे मी त्यांच्या तोंडून निदान दहा वेळा ऐकले असेल आणि दहाही वेळा ते पाऊल मला दिसले आहे.

गणपतीनंतरच्या आठवड्यात, बहुधा मनातली बोचणी हलकी करायची म्हणून, मी त्यांना माझ्या भांड्यांची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की, १९९९ च्या त्या सोमवारी रात्री एका म्हाताऱ्या बाईंच्या तळघरात त्यांचे काम चालू होते. घर गारठलेले होते, भट्टी पेट घेत नव्हती, त्यांची व्हॅन दारात उभी होती आणि तिच्या रेडिओवर सामना लावलेला होता. दर काही मिनिटांनी ते हात पुसत जिना चढून वर येत, व्हॅनपाशी उभे राहून गुण ऐकत आणि पुन्हा खाली जात. लँगडनचे पाऊल सरकले तेव्हा ते जिन्यात होते. वर पोहोचले तेव्हा समालोचक ओरडत होता, पण काय झाले ते त्यांना लगेच कळले नाही. ‘मग ते पाऊल?’ मी विचारले. ‘पुढच्या रविवारी मेहुण्याकडे टेप पाहिली,’ ते म्हणाले. पंचवीस वर्षांत हे त्यांनी कोणाला सांगितले होते की नाही, मला ठाऊक नाही. मला तरी त्यांनी ते पहिल्यांदाच सांगितले आणि सांगताना त्यांचा चेहरा पडला नव्हता, उलट थोडा उजळला होता. ती भट्टी पेटली का, हे विचारायचे मात्र माझ्याकडून राहून गेले.

त्यानंतर मी स्वतःच्या आठवणी तपासू लागलो आणि माझ्या असे लक्षात आले की २०२४ च्या संघाविषयी मी जे छातीठोकपणे सांगतो ते जवळपास सगळे आकडे आहेत. स्टेटसन, नॉर्थवेस्टर्न, सॅन डिएगो स्टेट या सामन्यांत मी कुठे बसलो होतो, काय खात होतो, मला आठवत नाही. दहाव्या मिनिटाला हाताची मूठ सैल व्हायची, विसाव्या मिनिटाला मी फोन चाळू लागायचो. याउलट २००४ चा ड्यूकविरुद्धचा उपान्त्य सामना मला खोलीच्या वासासकट आठवतो. मी या देशात येऊन सहा महिने झाले होते, चौघे मिळून एका घरात राहत होतो, कोणीतरी फोडणी जाळलेली होती आणि धुराचा इशारा देणारे यंत्र मध्येच किंचाळायचे. यूकॉनचा ओकाफोर सुरुवातीलाच दोन फाउल करून पहिल्या अर्धात बहुतेक वेळ बाकावर बसला होता. साडेतीन मिनिटे उरली असताना ड्यूक आठ गुणांनी पुढे होता. मग यूकॉनने सलग बारा गुण केले आणि शेवटच्या क्षणी ड्यूकचा एक निरुपयोगी थ्री-पॉइंटर पडून निकाल ७९-७८ असा लागला. बास्केटबॉल मला तेव्हा फारसा कळत नव्हता. पुण्यात कॉलेजच्या सिमेंटच्या कोर्टवर तळवे सोलपटून घेण्यापलीकडे माझे ज्ञान गेले नव्हते. तरीही आम्ही चौघे एकमेकांच्या अंगावर पडलो. आणखी एक गोष्ट त्या घरात सगळ्यांना फार आवडली होती, ती म्हणजे ओकाफोरने फायनान्सची पदवी तीन वर्षांतच पुरी केली होती. चौघांनीही ही बातमी आपापल्या आईला फोनवरून कळवली. विजेतेपदाची बातमी त्यानंतर.

बारा सलग गुणांची ती घटना माझ्या अंगात भिनलेली आहे आणि तीस सलग गुणांची घटना नाही. यात भांड्यांचा दोष थोडाच आहे, अशी मला शंका येऊ लागली. २०११ चा संघ घ्या. स्वतःच्या गटात नऊ विजय आणि नऊ पराभव, म्हणजे कागदावर अगदीच सामान्य संघ. केंबा वॉकरने त्याला न्यूयॉर्कमधल्या गटाच्या स्पर्धेत पाच दिवसांत पाच सामने जिंकून दिले, पिट्सबर्गविरुद्ध तर शेवटच्या क्षणी मागे सरकून असा चेंडू टाकला की समोरचा उंच खेळाडू पाय गुंतून पडलाच. अंतिम सामना इतका कुरूप झाला की बटलरचे चौसष्टपैकी बावन्न चेंडू बास्केटबाहेर गेले; निकाल ५३-४१. सौंदर्याच्या कोणत्याही कसोटीवर तो सामना टिकणार नाही, पण त्या रात्री मी नखे खाल्ली होती आणि दुसऱ्या दिवशी बोटे दुखत होती. २०१४ चा संघ तर खेळाडूंच्या अभ्यासातल्या कमी गुणांमुळे आदल्या वर्षी स्पर्धेबाहेर ठेवला गेलेला, सातवे मानांकन मिळालेला, पहिल्याच सामन्यात जादा वेळेपर्यंत ओढला गेलेला. नेपियर आणि मंडळींनी शेवटी केंटकीला ६०-५४ असे हरवले. हे दोन्ही संघ आणि २०२४ चा संघ समोरासमोर आले, तर काय होईल याविषयी माझ्या मनात कसलीच शंका नाही. वीस गुणांनी हरतील. तरीही डोळे मिटले की मला जे दिसतात ते हेच दोन.

मुलीने त्या दिवशी गणपतीहून परतताना गाडीत भांड्यांचा विषय काढला नाही, ही तिची सभ्यता. तिने दुसराच विषय काढला. ‘बाबा, यूकॉनचा सगळ्यात भारी संघ म्हणतोस, तेव्हा तू फक्त मुलांचेच संघ का मोजतोस?’ मी स्टिअरिंगकडे पाहत राहिलो, कारण उत्तर नव्हते. तिचे म्हणणे बिनतोड होते. जीनो ऑरिएमा यांच्या महिला संघांनी २०१३ ते २०१६ अशी लागोपाठ चार विजेतेपदे मिळवली, ब्रियाना स्टुअर्टने ती चारही वर्षे गाजवली, आणि २०१६ चा संघ अडतीस सामने खेळून अडतीसही जिंकला, तेही सरासरी सुमारे चाळीस गुणांच्या फरकाने. त्या वर्षी आम्ही दोघे ब्रिजपोर्टला जाऊन मिसिसिपी स्टेटविरुद्धचा सामना प्रत्यक्ष पाहिला होता. निकाल ९८-३८. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती आणि उत्तरार्धात माझ्या मांडीवर डोके ठेवून झोपली होती. आसपासचे प्रौढही जागे होते ते केवळ पार्किंगमधून गाडी बाहेर काढायची होती म्हणून. हे संघ खेळासाठी वाईट आहेत, त्यांच्यामुळे स्पर्धेत रस उरत नाही, अशी टीका त्या काळात लोक उघडपणे करत. पुढच्याच वर्षी, सलग १११ विजयांनंतर, त्याच मिसिसिपी स्टेटने यूकॉनला उपान्त्य सामन्यात जादा वेळेत ६६-६४ असे हरवले. शेवटचा चेंडू पाच फूट पाच इंच उंचीच्या मॉर्गन विल्यमने टाकला आणि तो हवेत असतानाच घड्याळ संपले. आठ वर्षांची मुलगी त्या रात्री झोपली नाही. ‘१११ मधला एक तरी सामना आठवतो का तुला?’ मी गाडीत विचारले. ती विचार करून म्हणाली, ‘नाही. पण मॉर्गन विल्यमच्या हातावरचा घाम आठवतो.’

विक्रमी संघांची ही शोकांतिका जुनीच आहे. प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या यूसीएलएने, म्हणजे लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने, १९६७ ते १९७३ अशी सात वर्षे ओळीने विजेतेपद मिळवले आणि अठ्ठ्याऐंशी सामने सलग जिंकले. पण त्या काळचे लोक भेटले की बोलतात ते जानेवारी १९७४ मधल्या एकोणनव्वदाव्या सामन्याविषयी, ज्यात नोत्र दामने त्यांना ७१-७० असे हरवले, किंवा मार्चमधल्या उपान्त्य सामन्याविषयी, जिथे नॉर्थ कॅरोलायना स्टेटने दोनदा जादा वेळ खेळवून त्यांची सत्ता संपवली. हे वाचताना मला हसू आले, कारण १९७३-७४ च्याच हंगामात, तेही उपान्त्य सामन्यातच, कर्नाटकाने मुंबईची पंधरा वर्षांची रणजीवरची मक्तेदारी मोडली होती. आमचे थोरले काका त्या पंधरा विजेतेपदांपैकी एकाचेही वर्णन करत नसत. वाडेकर धावताना घसरले आणि धावबाद झाले, एवढेच ते सांगत, आणि ते सांगताना हातातला चहाचा कप थबकत असे.

नियम बदललेले असल्यामुळे अशा तुलना मुळातच पोकळ आहेत, असे म्हणणारेही भेटतात, आणि त्यांचे चुकत नाही. यूसीएलएच्या बहुतेक विजेतेपदांसाठी चार सामने जिंकणे पुरत असे, आता सहा लागतात. तेव्हा थ्री-पॉइंटर नव्हता, चेंडू टाकण्यासाठी घड्याळाचे बंधन नव्हते, १९६७ पासून जवळजवळ दशकभर तर डंक मारण्यावरच, म्हणजे उडी मारून चेंडू वरून बास्केटमध्ये कोंबण्यावरच, बंदी होती. आज न्यूटनसारखा खेळाडू दुसऱ्या विद्यापीठातून येतो आणि कॅसलसारखा एका वर्षात एनबीएला निघून जातो. पण या युक्तिवादाने वाद मिटवू पाहणारा माणूस मला कंटाळवाणा वाटतो. मला इंडियानाच्या लोकांचे वागणे जास्त पटते. त्यांचा १९७६ चा संघ बत्तीस सामने खेळून एकही हरला नाही, आणि तेव्हापासून पुरुषांच्या कोणत्याही विजेत्याला हे जमलेले नाही. तरीही तिथले अनेक जण १९७५ चा संघच श्रेष्ठ मानतात, जो विजेता ठरलाच नाही. स्कॉट मेचा हात हंगामाच्या शेवटी मोडला आणि केंटकीने तो संघ ९२-९० असा बाहेर काढला. त्या दोन गुणांच्या फटीत पन्नास वर्षे माणसे राहत आहेत.

मार्च २०२५ मध्ये यूकॉनचा पुरुष संघ फ्लोरिडाकडून ७७-७५ असा हरला. मार्चच्या स्पर्धेतली तेरा विजयांची साखळी तुटली, आणि फ्लोरिडा पुढे विजेता ठरला. तो सामना मी जागचा न हलता पाहिला. आईचा फोन आला नाही, आला असता तरी उचलला नसता. फ्लोरिडाच्या क्लेटनचे शेवटचे थ्री-पॉइंटर मला कोनासकट आठवतात. दोन आठवड्यांनी महिलांनी साउथ कॅरोलायनाला ८२-५९ असे हरवून बारावे विजेतेपद मिळवले, आणि मुलीने मला पूर्ण सामना सोफ्यावर बसवून ठेवले.

इलिनॉयविरुद्धच्या सामन्याचे चित्रण माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होते. ते लावायला मी एक वर्षाहून अधिक काळ घेतला. शेजारच्या गृहस्थांना बोलावले, चहा केला, आणि मध्यंतरानंतरचा भाग लावण्याऐवजी सामना सुरुवातीपासून पाहायचे ठरवले, कारण तेवढा संयम आपल्यात आहे असे मला दाखवायचे होते. पहिला अर्ध चुरशीचा होता. यूकॉनचे बरेच चेंडू बाहेर जात होते. मध्यंतराला दोनेक मिनिटे उरली असताना बरोबरी झाली, २३-२३. मग यूकॉनने पाच गुण केले, घड्याळ संपले, खेळाडू बोगद्याकडे चालू लागले. २८-२३. मी रिमोट हातात घेऊन थांबलो. माझा पेशा विम्याच्या आकड्यांचा आहे, आणि वर्षभर मी ज्याला भेटेन त्याला तीस-शून्य, तीस-शून्य असे सांगत आलो होतो. ५३ मधून २८ वजा केले की पंचवीस उरतात, ही वजाबाकी मी एकदाही केलेली नव्हती. फोन वाजण्यापूर्वीच ते सुरू झालेले होते. मी समोर बसलेलो होतो, डोळे उघडे होते, आणि ते पाच गुण कोणी केले हे मला आताच्या आत्ता पाहिल्यावरही ओळखीचे वाटले नव्हते.

शेजारच्या गृहस्थांना मी हिशेब सांगितला. त्यांनी चहाचा घोट घेतला, माझ्या हातातला रिमोट काढून घेतला आणि चित्रण पुन्हा २३-२३ वर नेले. ‘मग पाच तरी तुझे आहेत,’ ते म्हणाले.